कानातले माइक आणि अर्धी ओळ

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलात तर शब्द पोचतील, पण पोचायला हवं ते पोचणार नाही. एका भल्या माणसाने आपल्या बुवांवरच्या मायेपोटी दोन्ही कानांत माइक घातले आणि बावीस वर्षांची कमाई एका सकाळीत कशी घालवली, ती गोष्ट सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा. त्या दिवशीही सगळे हसलेच होते.

माणूस घड्याळं दुरुस्त करणारा. दुकान बंद करून चार वर्षं झाली, तरी सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत. दर रविवारी सकाळी ते आणि त्यांची बायको सभागृहात बुवांच्या प्रवचनाला पहिल्या रांगेत बसत. बुवा बोलता बोलता गात आणि गाता गाता मध्येच थांबत. "तुझ्याच दारी उभा मी," एवढी अर्धी ओळ ते म्हणत आणि हात पुढे करत. हात नेमका घड्याळजींकडे. मग घड्याळजी उरलेली अर्धी उचलत, "दार उघड, हाक दे," आणि त्यांच्यामागून सगळं सभागृह. घड्याळजींचा आवाज गंजक्या बिजागरीचा, पण वेळ बावीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. शेवटी घड्याळजीच ते.

मग बायकोचं खुब्याचं हाड मोडलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सात महिने तिने खिडकीशिवाय काही पाहिलं नाही. त्यात बातमी आली, की बुवांच्या घशात वाईट काही निघालंय. सोमवारी शस्त्रक्रिया, स्वरयंत्रच काढणार. म्हणजे येता रविवार शेवटचा.

"मला आणून द्या तो रविवार," बायको म्हणाली. "मोबाइलवर नको. त्यात बुवा डब्यात बसून बोलल्यासारखे वाटतात. मी तिथे बसलेय असं वाटलं पाहिजे."

घड्याळजी रेडिओ-माइकच्या दुकानात गेले. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, तुम्हाला कानातले माइक लागतील."

"मला ऐकायचं नाही. भरून न्यायचंय."

"तेच सांगतोय. दिसतात इअरफोनसारखे, पण काम उलटं. तुमच्या दोन कानांना जसं ऐकू येतं, तसंच्या तसं हे उचलतात. घरी हेडफोन लावला की काकू तुमच्या खुर्चीत."

त्याने तीन जोड्या मांडल्या. पहिली कान पार बुजवणारी. दुसरी कानावर अडकवायची, ती चष्म्याशी भांडत होती. तिसरी वालाच्या दाण्याएवढी. कानाच्या तोंडाशी बसे आणि कान मोकळा ठेवी. घड्याळजींनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं, तारेचा सांधा तपासला आणि तिसरी घेतली, सोबत खिशात मावणारा रेकॉर्डर.

"लाल खूण उजव्या कानात," दुकानदार म्हणाला. "मान हलवायची नाही. तुम्ही मान वळवली, की ऐकणाऱ्याचं अख्खं सभागृह गरकन फिरतं. आणि तोंड उघडायचं नाही. माइकच्या सगळ्यात जवळ तुमचंच तोंड."

चाचणी म्हणून घड्याळजी रस्त्याने चालत घरी आले आणि बायकोला हेडफोन लावून दिला. ती डोळे मिटून ऐकत होती. उजवीकडून सायकलची घंटी आली तशी तिने पलंगावर पाय आखडून घेतला आणि कळवळली. दोघं खूश झाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे टकटक काय वाजतंय?"

"कवळी."

"आणि खरखर?"

"चष्म्याची काडी. वायरला घासते."

"आणि हा भाता कोण चालवतंय मघापासून?"

"मी श्वास घेतोय."

"बुवांच्या वेळी जरा कमी घ्या."

झालं. रविवारी घड्याळजींनी कवळी काढून खिशात ठेवली, चष्मा काढून घरात ठेवला आणि श्वास हप्त्याहप्त्याने घ्यायचं ठरवलं. त्या अर्ध्या ओळीचाही विचार त्यांनी केला होता. आपली बिजागरी माइकच्या इतकी जवळ वाजली, तर बुवांचा शेवटचा सूर तिच्याखाली चिरडला जाईल. दोनशे माणसं आहेत, उचलतील. आपण कोण एवढे लागून गेलो? असा त्यांचा विनय. त्या विनयानेच घात केला.

बुवांना आधी सांगावं म्हणून ते सभागृहाच्या मागच्या खोलीशी गेले, तर बुवांची मुलगी दार अडवून उभी. "बाबांना गाण्याआधी एक शब्द बोलायला मनाई आहे. नंतर भेटा, काका."

नंतर सांगू, असं म्हणून घड्याळजी जागेवर बसले. माइक कानात, रेकॉर्डर चालू, मान ताठ.

शेजारी निवृत्त पोस्टमन येऊन टेकला. "काय घड्याळजी, मॅच लावलीत वाटतं?"

घड्याळजी गप्प.

"कितीवर गेले?"

गप्प. सांगणार कसं? कवळी खिशात आणि शब्द कायमचा रेकॉर्डरमध्ये.

"रंगात आलीय म्हणजे," पोस्टमनने मागच्याला सांगितलं. त्याने त्याच्या मागच्याला सांगितलं. पाच मिनिटांत शेवटच्या रांगेला कळलं, की बुवांच्या शेवटच्या प्रवचनात घड्याळजी क्रिकेट ऐकतायत.

बुवा उभे राहिले. आवाज चिरला होता, पण चिरलेल्या आवाजातूनच जास्त उजेड येत होता. एरवी घड्याळजी डोलले असते, मांडीवर ताल धरला असता, दोनदा डोळे पुसले असते. आज ते खांबासारखे. पाणी गालावरून ओघळलं, तेही त्यांनी पुसलं नाही. बाहीची सळसळ आली असती.

"तुझ्याच दारी उभा मी," बुवांनी म्हटलं आणि हात पुढे केला.

आता ही त्या सभागृहाची सवय बघा. बावीस वर्षांत तिथल्या एकानेही ती ओळ आपणहून सुरू केली नव्हती. दोनशे माणसं घड्याळजींच्या पाठीकडे बघत थांबली. आणि चष्म्यावाचून घड्याळजींना समोर फक्त एक पांढरा ढग दिसत होता. तो ढग हात पसरून उभा आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

बुवांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा म्हटलं. घड्याळजींनी मनात मोजली, अकरा सेकंदं. एक खोकला नाही, एक खुर्ची वाजली नाही. काय स्वच्छ येतंय, त्यांना वाटलं.

बुवांनी हात मागे घेतला. घसा खाकरला आणि गोष्ट सोडून ते भलत्याच वाटेला लागले.

"देवाने माणसाला दोन कान दिले. काही मंडळी दोन्ही बुजवून येतात. अशांना देवानेसुद्धा हाक मारू नये. उगाच घसा बसतो."

सभागृह फिस्सकन हसलं. घड्याळजींनाही आतून बरं वाटलं. कुठल्या तरी नालायकाला बुवांनी छान हाणलं होतं. हसू त्यांनी पोटातच दाबलं, माइक हलतील म्हणून.

मग बुवा अगदी हळू म्हणाले, "बावीस वर्षं वाटत होतं, निदान एक माणूस ऐकतोय." आणि अर्धा तास राखून प्रवचन आवरलं. घड्याळजी वायर गुंडाळून उठेपर्यंत मागच्या दाराने बुवांची गाडी निघूनही गेली होती.

घरी बायकोने हेडफोन लावला. आधी चेहरा खुलला, मग खुलायचा थांबला.

"अहो, हे कोणाला म्हणाले?"

"असेल कोणी मेला."

"दोन्ही कानांत बोळे घालून कोण बसलं होतं तिथे?"

घड्याळजींचा हात आपल्याच कानाकडे गेला.

"ओळ दिली नाहीत तुम्ही."

"तूच म्हणालीस ना, आवाज नको."

"मी श्वास कमी घ्या म्हणाले. मुके व्हा नाही म्हणाले." तिने हेडफोन काढला. "बुवा काय, डोळे मिटले तरी ऐकू येतात मला. ती ओळ तुमच्या तोंडून ऐकायची होती. शेजारून. किती बेसूर, पण सवय झालीय." मग हेडफोन त्यांच्या हातात देत म्हणाली, "जा आणि सांगून या त्यांना."

चौथ्या दिवशी रुग्णालयात भेटायला सोडलं. बुवांच्या गळ्याला जाड पट्टी. घड्याळजींना पाहून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आता कशाला आलात?" मुलगी म्हणाली.

घड्याळजींनी तळहातावर ते दोन दाणे ठेवून सगळं सांगितलं. खुबा, तिसरा मजला, कवळी, चष्मा, मान. मुलगी ऐकता ऐकता खुर्चीवर बसली. भिंतीकडे वळलेल्या पाठीने काही ऐकलं की नाही, कळेना. शेवटी तो हात मागे आला आणि उघडा राहिला. घड्याळजींनी त्यात हेडफोन ठेवला आणि रेकॉर्डर सुरू केला.

बुवांनी सरळ होऊन तो कानांवर घट्ट बसवला आणि डोळे मिटले. एकदा झटकन डावीकडे पाहिलं. रेकॉर्डिंगमध्ये त्या बाजूने पोस्टमन कुजबुजला असणार. पण तिथे होतं औषधांचं कपाट. मग पुन्हा डोळे मिटले. चेहरा सैल झाला. ओठ हलू लागले, आवाजाशिवाय, आणि हात आपोआप वर आला, पुढे झाला.

या वेळी घड्याळजींच्या नाकावर चष्मा होता. हात त्यांना स्वच्छ दिसला. कवळीही तोंडात होती. बाकी काही त्यांच्या मनात आलं नाही. छाती भरून, सगळी बिजागरी पणाला लावून त्यांनी ओळ उचलली, "दार उघड, हाक दे."

समोरच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठला. परिचारिका धावत आली. "आजोबा, हा वॉर्ड आहे."

ऐकलं सगळ्यांनी. बुवांच्या कानांवर मात्र जाडजूड हेडफोन होता, आणि त्यात ती अकरा सेकंदं चालू होती. डोळे उघडले तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच, की घड्याळजींचं तोंड हलतंय. त्यांनी कपाळाला आठी घातली आणि ओठांवर बोट ठेवून गप्प बसायची खूण केली. दुसरा हात मात्र तसाच पुढे धरलेला होता, वाट बघत.

तेव्हा मायबाप, कुठे ऐकायला बसलात आणि समोरच्याने अर्धी ओळ सोडून तुमच्याकडे हात केला, तर सूर बघू नका, शेजारी काय म्हणेल ते बघू नका. त्या घड्याळजींची आठवण ठेवा आणि तोंड उघडा.