आप्पांची बाहेरखैरात

माणूस भेटला की आपण विचारतो, जेवण झालं का? आमच्या मुरुडचे मन्मथआप्पा विचारायचे, "अर्ज दिला का?" कशाचा, ते नंतर. एकदा मयतीलाही विचारून बसले.

लातूर जिल्हा नवाच झाला होता, कचेरी नवी, साहेब नवे, आणि वर दुष्काळ. कुठल्या टेबलावर जायचं हे लोकांना उमगत नव्हतं. आप्पांनी किराणा दुकान भावाच्या गळ्यात टाकलं आणि रोज पहिल्या एसटीनं लातूर गाठायला लागले. कचेरीसमोरच्या लिंबाखाली सतरंजी, शेजारी पाण्याची सुरई. येईल त्याला आधी पाणी पाजायचं, मग गाव विचारायचं आणि फुकटात अर्ज लिहून द्यायचा. रेणापूरकडच्या एका तांड्यावर त्यांच्या अर्जानं हापसा बसला, तेव्हा त्यांनी आमच्या गल्लीत पेढे वाटले. गल्लीतला हापसा तेव्हा तीन महिने बंद होता.

मी त्यांची शेजारीण. मी आणि आप्पांच्या बायको गिरजाक्का, दोघी लांब मळ्यातल्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणायचो. अक्कांचे गुडघे कामातून गेलेले. पेढा चघळत त्या म्हणाल्या, "ही बाहेरखैरात हाय बाई. उंबऱ्यापशी आली की आटती."

असला शब्द मी कधी ऐकला नव्हता, पण लगेच पटला. आपल्या गल्लीचा अर्ज लिहा म्हणून आप्पांना किती वेळा सांगितलं. "लिहू की," म्हणायचे आणि पिशवी उचलून निघायचे. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा भयंकर राग यायचा.

एक दिवस अक्का विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरल्या. घागर तळाला गेली, त्या थोडक्यात वाचल्या. दुसऱ्या दिवशी लंगडतच मला म्हणाल्या, चल लातूरला.

लिंबाखाली रांग होती. अक्का पदर पुढं ओढून रांगेत बसल्या. नंबर आला तसा आप्पांनी मान खाली घालूनच पाण्याचा पेला पुढं केला आणि गाव विचारलं.

"मुरुड."

आवाज ओळखला असेल, पण हात लिहीतच राहिला. मालकाचं नाव?

"त्यांचं नाव म्या कसं घेऊ? हिला इचारा."

मी म्हणाले, "मन्मथआप्पा."

लिहिणारा हात थांबला. आता हे चिडणार, असं मला वाटलं. पण आप्पांनी नवा कागद घेतला, सावकाश लिहिलं आणि सगळ्यांना दाखवायचे तसं वाचून दाखवलं. गल्ली, हापसा, विहीर, पायऱ्या. शेवटी होतं, "अर्जदार बाईंनी आजवर कोणाकडे काहीही मागितलेले नाही." वाचून झाल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला.

मग हळूच म्हणाले, "लोकांसाठी मागायला मला काई वाटत न्हाई, गिरजा. आपल्या दारासाठी मागायचं म्हणलं की लाज वाटती."

"म्हणून तर मी आले," अक्का म्हणाल्या.

त्यांनी अंगठा उठवला. अंगठ्याची शाई आप्पांनी चारचौघांत आपल्या धोतरानं पुसली.

पंधरवड्यात हापसा चालू झाला. आप्पा आता दुसऱ्या एसटीनं जातात. पहिली निघते तेव्हा ते अक्कांच्या दोन घागरी घेऊन हापशावर बायकांच्या मागं उभे असतात. मीच त्यांना पुढं घेते. ते स्वतः कधी मागायचे नाहीत.