बोलक्या पडद्याची आणि लिंबाच्या फोडीची हकीकत

श्रीविद्यामाता प्रसन्न असो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरीं, एका राज्यांत जें घडलें तें कानीं आलें तैसें लिहिलें आहे. पदरचें घातलें असेल तर चवीपुरतें. ते राज्यीं खंडोपंत म्हणोन रसायनाचे गुरुजी होते. त्यांणीं पाठांतर मोडिलें आणि मोठा पडदा आणविला. पडद्यावर चित्राच्या बाटल्या आणि चित्राचे कागद. बोट लावावें आणि रस पडावा, कागदाचा रंग पालटावा, आणि मग पोरांनीं सांगावें कीं कां पालटला. दिसलें म्हणोन मानूं नये, पुन्हां करून पाहावें, ही पंतांची शिस्त. हें दिवाणसाहेबांस कळलें. ते म्हणाले, हा निव्वळ तमाशा. आम्ही जातीनें येऊन पाहूं, आणि पोरें नुसतीं माना डोलावितात ऐसें दिसलें तर पडदा उतरवूं आणि पंतांस मिठागरावर चाकरीस धाडूं. पंतांची झोंप उडाली. कारण थोर माणूस बोलला कीं "होय महाराज" म्हणावें, हा ते राज्याचा रिवाज, आणि तो पोरांच्या अंगीं मुरलेला.

मग दिवाण आले, आणि मागील सोप्यांत त्यांचीं पानें वाढणें चाललें होतें, आणि इकडे त्यांणीं अंगठ्यांनीं भरलेलें जाड बोट पडद्यास लाविलें आणि म्हणाले, हा लिंबाचा रस तांबड्या कागदावर घालितों. कागद निळा जाहला. आतां निळा होणें ही साबणाच्या पाण्याची खूण, आंबटाची नव्हे. परंतु दिवाण म्हणाले, "पाहा, लिंबानें कागद निळा होतो." कारकून म्हणाले, होय महाराज. आतां पोरेंही तेंच म्हणतील आणि गेलों मिठागरीं, ऐसें पंतांनीं मनीं धरिलें.

तों कासाराची लेक मनकर्णा उठली आणि हात जोडून म्हणाली, "महाराज, पडदा चुकला असेल, नाहीं तर बोट शेजारच्या बाटलीवर पडलें असेल. खरें लिंबू आणवावें, म्हणजे कळेल."

दिवाणांची भिवई चढली, आणि मग उतरली, आणि त्यांणीं आपल्याच पानांतली लिंबाची फोड आणवून शाळेंतल्या खऱ्या तांबड्या-निळ्या कागदांवर पिळविली. तांबडा तांबडाच राहिला आणि निळा तांबडा जाहला. मग अंगठ्या काढून करंगळीनें पडद्यावरची लिंबाची बाटली दाबिली, तों पडद्यानेंही तेंच दाखविलें. दिवाण म्हणाले, "बोटच चुकलें आमचें." कारकून सवयीनें म्हणाले, होय महाराज. पंतांच्या जिवांत जीव आला, ते मटकन खालीं बसले आणि हंसूं लागले, आणि डोळे पुसणें त्यांस सुचेना.

तात्पर्य, पडदा राहिला, पंत राहिले, आणि दिवाणांनीं ते दिवशीं वरणभात लिंबावांचून खाल्ला, वर आणखी मागून घेतला. येणेंप्रमाणें हकीकत.