नानांचा एकुलता एक खेकडा

नाना दांडेकर दर रविवारी सकाळी मासळीबाजारात जात, आणि उभ्या जन्मात त्यांनी मासा चाखला नव्हता. ते तिथून बर्फ आणत. बंगाली मासेवाला दर वेळी विचारी, "की दादा, आज माछ नेबेन ना?" आज मासे नाही का नेणार? नाना नाकाला पंचा लावून म्हणत, "शुधू बरफ!" फक्त बर्फ.

नाना आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहत. नोकरी खिदिरपूरच्या गोदीत आणि वेड फोटोंचं; तेही दिघ्याच्या किनाऱ्यावरल्या लाल खेकड्यांच्या फोटोंचं. कलकत्त्याच्या उन्हाळ्यात नळालाच कोमट पाणी. तशा पाण्यात रोल धुतला की फिल्मवरचा मसाला सुटतो आणि त्याबरोबर चित्रही जातं. म्हणून बर्फ. त्यांच्या न्हाणीघराला मासळीचा वास येई, आणि त्यामुळे बंगाली शेजारी नानांना अगदी आपलं मानत.

उन्हाळ्यात ते मला आणि माझ्या बायकोला, सुधाला, दिघ्याला ओढून नेत. वाळू तापलेली, कॅमेऱ्याची काच घामाने धूसर, आणि छत्री सुधाच्या हातात.

"वहिनी, सावली माझ्यावर नको, कॅमेऱ्यावर!"

सावली हलली की सगळे खेकडे बिळात.

"नाना, तुम्ही बिळांचेच फोटो काढा. ती पळत नाहीत," सुधा म्हणे, आणि हसत हसत नेमकी कॅमेऱ्यासमोर येई.

"बाजूला व्हा! माणूस आला की फोटो वाया!"

घरी आल्यावर नानांच्या भिंतीवर बिळांचा आणखी एक फोटो लागे.

शेवटच्या खेपेला उकाडा इतका होता की बर्फही घरी पोचेपर्यंत टिकेना. नानांनी रोल डब्यात घालून तांदळात पुरला. "दमट हवा लागायची नाही. थंडीत धुवू."

थंडीत सुधा गेली.

घरात तिचा एकच फोटो होता, लग्नातला. मान खाली, मुंडावळ्यांत चेहरा हरवलेला. त्याला हार घालताना कुणा परक्या मुलीला घालतोय असं वाटे.

वैशाखात नाना दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, त्या रोलमध्ये वहिनी असतील. अगदी शेवटी. पण उन्हाने खराब झाला असेल तर?"

"थंडीतच का नाही धुतलात?"

"हिंमत झाली नाही. पण आता रोज भात टाकताना तो डबा हाताला लागतो हो."

दोघे बाजारात गेलो. मासेवाला माझ्याकडे पाहून आशेने हसला. "इनिओ शुधू बरफ?" हेही फक्त बर्फच? त्याने कपाळाला हात लावला.

नानांनी न्हाणीघराचं दार लावून घेतलं. मी बाहेर स्टुलावर बसलो. आतून बराच वेळ नुसतं पाणी वाजत होतं. मग नाना ओरडले, "मास्तर, मसाला जाग्यावर आहे!"

मी भिंतीला डोकं टेकलं. किती महिन्यांनी मोकळा श्वास घेतला.

वाळत टाकलेल्या फिल्मवर शेवटी सुधा होती. छत्री मागे गेलेली, तोंडभर हसू. आणि तिच्या पावलांपाशी नांगी उगारून, स्पष्ट, नानांच्या आयुष्यातला पहिला खेकडा!

आठवडाभराने नानांनी फोटो मोठा करून, चौकट लावून आणला. त्यात सुधा एकटीच होती.

"नाना, खेकडा?"

नाना पंच्याने काच पुसत राहिले.

"कापला. खेकडा आला की फोटो वाया."