तीन घरांचं तिखट

रघुवीर पेडणेकरांनी मे महिन्यात कथा लिहायची ठरवली, तेव्हा घरात कुणालाही आनंदाचं भरतं आलं नाही. ललिताबाई पोळपाटावरून मानही वर न करता म्हणाल्या, "लिहा की. फक्त पंख्याखाली बसू नका, तिथे मी पापड घातलेत."

कथा लिहिणं त्यांना भागच होतं. लालबागच्या त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर एक वाचनालय आहे आणि मेअखेरीला तिथे रहिवासी आपापल्या कथा वाचतात. गेल्या वर्षी रघुवीररावांनी सूर्यास्तावर कथा वाचली होती. सूर्य बुडता बुडेना, तेव्हा मागच्या रांगेतून चहा कधी येणार अशी विचारणा सुरू झाली. शेवटी वाचनालय चालवणारे अवधूत मास्तर, ज्यांचा शब्द तिथे कुणी खाली पडू देत नाही, ते म्हणाले, "भाषा सुरेख आहे हो, पण तुम्ही आयुष्यात कधी काही पाहिलंय, असं वाटत नाही." सगळे हसले. ललिताबाई जरा जास्तच हसल्या. ते हसणं रघुवीररावांना वर्षभर सलत होतं. यंदा मास्तरांकडून 'वा' वदवून घ्यायचीच, असा त्यांचा पण होता.

मोबाइलवर एका लेखनगुरू ताईंचा व्हिडिओ त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला. ताई म्हणत होत्या, 'उन्हाळ्यात मन सैल सोडा. मोकळ्या आभाळाखाली निवांत बसा. कथेच्या मागे धावू नका, ती आपल्या पायांनी तुमच्याकडे येईल.' रघुवीररावांनी घडीची खुर्ची उचलली, कागद घेतले आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन मन सैल सोडलं.

कथा आली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या जाईबाई आल्या.

"भावजी, तुमी हयसर बसलातच, तर माझ्या मिरच्यांवर वाईच नजर ठेवा," असं म्हणत त्यांनी जुनं लुगडं अंथरून त्यावर मिरच्यांचा ढीग पसरलाही. "कबुतरां घाण करतत मेली."

"मी लिहायला बसलोय, जाईबाई."

"मग लिवा ना. तुमचो हात लिवता, डोळे मोकळेच आसत."

मे महिन्यात गच्चीवर जो रिकामा दिसेल तो राखणदार, हा त्या इमारतीचा कायदा. रघुवीरराव आयुष्यभर या दिवसांत विमा कंपनीच्या कचेरीत असायचे, म्हणून त्यांना तो ठाऊक नव्हता इतकंच. थोड्या वेळाने शेजारची अनुजा कानात हेडफोन घालून आली.

"काका, प्लीज हां, माझी मीटिंग चालू आहे. ह्या आमच्या मिरच्या. काश्मिरी जास्त आहे, छोट्या राजसला तिखट अजिबात चालत नाही. बाकीच्यांत मिक्स नका होऊ देऊ."

"मी कशाला मिक्स करू?"

"तुम्ही नाही हो, कावळे."

मग ललिताबाईच आल्या. त्यांच्या मिरच्यांत बेडगी किती, संकेश्वरी किती, हे राजापूरच्या माहेरून आलेलं प्रमाण होतं आणि ते त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. मिरच्या चादरीवर पसरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणि हे बघा, खाली पंप लावतेय. टाकी भरली की फोन करा."

"म्हणजे मिरच्याही मीच बघायच्या आणि पाणीही मीच?"

"कथा येईपर्यंत काहीतरी कराच की."

आणि नेमकी तेव्हाच कथा आली. निदान पहिलं वाक्य तरी आलं. एका एकाकी माणसाचं, खिडकीशी उभं राहिलेलं वाक्य. त्याच्यामागे दुसरं आलं. रघुवीररावांचं भान हरपलं. खिडकीतला माणूस उसासा टाकणार, इतक्यात त्यांच्या पायांना फार बरं वाटलं. थंडगार वाटलं. त्यांनी खाली पाहिलं तर त्यांची एक चप्पल मिरच्यांच्या दिशेने निघाली होती.

टाकी तुडुंब भरून वाहत होती आणि पाणी लुगड्यापासून हातभर अंतरावर आलं होतं. त्यांनी एका हाताने फोन लावला.

"भरली, भरली. बंद कर."

"कधी भरली?"

"आत्ता, आत्ताच," ते म्हणाले आणि दुसऱ्या हाताने लुगडं ओढायला लागले. मग चादर. मग अनुजाचा पलंगपोस. कोरडा असा एकच कोपरा उरला होता. तिन्ही घरच्या मिरच्या त्यांनी तिथे नेऊन ओतल्या, तेव्हा त्यांना आपण मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. मान ताठ करून त्यांनी ढिगाकडे पाहिलं.

एकच ढीग होता. जाईबाईंची जहाल लवंगी, ललिताबाईंचं राजापूर आणि अनुजाची काश्मिरी गुण्यागोविंदाने एकत्र नांदत होती. त्यांनी लांब मिरच्या वेगळ्या काढून पाहिल्या, मग सुरकुतलेल्या काढल्या, मग गडद रंगाच्या. डोळे चोळले आणि ती भलतीच चूक झाली. वाहत्या डोळ्यांनी शेवटी त्यांनी न्याय केला: ज्याचं अंथरूण मोठं त्याला ढीग मोठा. उन्हाने गच्ची बघता बघता सुकवली. संध्याकाळी तिघी आल्या, आपापली गाठोडी बांधून घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मसाला गल्लीतल्या डंकावर आपापल्या डोळ्यांदेखत मिरच्या कुटून आणल्या. धणे-बडीशेप जिची तिची निराळी, पण तिखट तिघींचं एकच.

रघुवीररावांची झोप उडाली. गिरणगावात बाईला नावं ठेवलेली एक वेळ चालतात, तिच्या मसाल्याला नाही. हे कळलं तर इमारतीत तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. घरात नव्या मसाल्याचं पहिलं कालवण झालं, त्या दिवशी ते घास हातात धरून बसून राहिले.

ललिताबाईंनी चव घेतली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अगदी आईच्या हातचा."

जिन्यात अनुजा भेटली. "काका, राजस चक्क मागून घेऊन खातोय. नाक गळतं, पण खातो. मोठा झाला." जाईबाई तर भलत्याच खुशीत होत्या. "औंदा पोटात जळजळ नाय. डॉक्टरान गुण दिलो." शिवाय तिघींनी एकमेकींना वाटीवाटी मसाला दिला आणि तिघींनीही घरात नाक मुरडलं. ललिताबाई म्हणाल्या, "जाईबाईंच्या मसाल्याला कधी चवच नसते. बिचारीला सांगणार कोण?"

रघुवीररावांचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ त्यांच्या ध्यानात आलं की कथा आपल्या पायांनी आली होती, चांगली गुडघाभर पाण्यातून आली होती. खिडकीतल्या माणसाला त्यांनी उसासाही टाकू दिला नाही. नावं बदलली, इमारत माझगावला नेली आणि एका बैठकीत कथा लिहून काढली. इतकं सुख त्यांना लिहिताना कधी झालं नव्हतं.

वाचनाच्या दिवशी वाचनालय भरलं होतं. चप्पल निघाली तिथे लोक हसले, ढिगापाशी खो खो हसले. चहाची कुणाला आठवण झाली नाही. रघुवीररावांनी शेवटचं पान खाली ठेवलं आणि मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी चष्मा पुसला. "मजा आली. पण रघुवीरराव, कथेला वास्तवाचा आधार लागतो. स्वतःच्या घरचा मसाला बाई ओळखणार नाही? तेही तिघी? हे काही पटत नाही."

"काय तरीच," जाईबाई म्हणाल्या. "मी वासावरनं सांगान."

"आणि लहान मुलाला तर लगेच कळतं, काका," अनुजा म्हणाली.

"मी डोळे झाकून ओळखीन," ललिताबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात नवऱ्याबद्दलची थोडी शरमही होती.

"बोला," मास्तर म्हणाले. "असं कुठे घडलेलं तुमच्या पाहण्यात आहे? असेल तर मी शब्द मागे घेतो."

रघुवीररावांनी तोंड उघडलं. वर्षभर वाट पाहिलेली 'वा' समोर उभी होती. मग त्यांनी पहिल्या रांगेतल्या त्या तिघींकडे एकवार पाहिलं.

"नाही हो," ते म्हणाले. "मनाचंच आहे सगळं."

जिना चढताना ललिताबाईंना त्यांची दया आली. "मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "पुढच्या उन्हाळ्यात काहीतरी खरं घडलेलं लिहा. आणि गच्चीवरच बसा. यंदा तुम्ही होतात, म्हणून मिरच्या तरी नीट राहिल्या."