झाकणासकट

बोगोमिलाचे पणजोबा त्सोलो डॅन्यूबवर गलबते हाकीत, आजोबा रादोस्लाव धान्याची वखार चालवीत आणि वडील मानोल त्याच नदीवरच्या रुसे गावाच्या बंदरावर मुकादम होते. तिघांपैकी कोणी कोणाचे काही ठेवले नाही, आणि चौथ्या पिढीत आपण तो लौकिक जपला, असे बोगोमिला वर्षातून निदान दहा वेळा सांगे. ऐकणारे होकार देत. अंगणापलीकडची सिरानुश मात्र त्या वेळी खिडकीबाहेर पाहू लागे.

त्याला कारण एक तांब्याचे तपेले होते. रादोस्लावाच्या बारशाला त्सोलोने ते शेजारच्या आर्मेनियन कॉफीवाल्याकडून, म्हणजे सिरानुशच्या पणजोबांकडून, मागून आणले आणि सांगितले, "उद्या परत करतो." पुढे त्या घरात लग्ने झाली, मयते झाली, आणि प्रत्येक वेळी तपेले लागतच गेले. त्याच्या बुडावर आर्मेनियन अक्षरांत एक नाव कोरलेले होते. तीन पिढ्या त्याला नक्षी म्हणत आल्या. मानोलने मात्र प्राण सोडताना लेकीचा हात धरला होता. "बोगोमिला, ते तपेलं… उद्या देऊन टाक." तिने वचन दिले. त्याला अठ्ठावीस वर्षे झाली. परत करायचे म्हणजे ते दुसऱ्याचे होते हे कबूल करणे आले, आणि तेवढेच तिला जमत नव्हते. सिरानुशने कधी मागितले नाही. ती आपल्या सणाचे गहू-मांस तीन लहान पातेल्यांत वेगवेगळे शिजवी आणि त्या दिवशी खिडकी उघडी ठेवी.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बोगोमिलाने ठरवले की आपल्या मृत्यूची पत्रके आपणच छापून ठेवावीत. गावात कोणी गेले की दारावर, झाडावर, बसथांब्यावर काळ्या चौकटीचे पत्रक लागते. चाळीस दिवसांनी, वर्षाने, दहा वर्षांनी पुन्हा लागते. ते काम भाच्यावर, ओग्न्यानवर, सोपवले तर तो पासपोर्टवरचा फोटो लावील, अशी तिची खात्री होती. तिने बावन्नाव्या वर्षीचा, लोकरी कॉलरचा फोटो निवडला, तारखेची जागा कोरी ठेवली आणि खाली मजकूर घातला: "जाताना तिने कोणाचे काही ठेवले नाही." गठ्ठा खणात ठेवला.

नोव्हेंबरात तिचे पती स्विलेन यांना जाऊन दहा वर्षे झाली. त्या दिवशी तिने पहाटेच तपेल्यात मृताच्या नावाने वाटायचे गहू शिजवले, साखर आणि अक्रोड घातले, आणि त्याच खणातून स्विलेनच्या पत्रकांचा गठ्ठा काढून ती खळ घेऊन बाहेर पडली. नदीवरून असे धुके चढले होते की स्वतःचा हात दिसेना. चष्मा तिने घेतला नव्हता. नवऱ्याला ओळखायला चष्मा लागावा असा आमचा संसार नव्हता, असे तिचे म्हणणे.

फाटकावर, लिंडनच्या झाडावर, पावाच्या दुकानावर, देवळाच्या दारावर तिने चाळीस पत्रके हाताने चोपून चिकटवली. मग बस धरून दफनभूमीत गेली आणि थडग्यावर वाइन ओतली. त्या दगडावर स्विलेनशेजारी तिचेही नाव आणि जन्मसाल आधीच कोरलेले होते. नंतरची रेघ मोकळी होती. धुक्यात त्या रेघेवर थेंब जमून खाली ओघळत होते. तिने ती पुसली. पुन्हा थेंब जमले.

परतायला दहा वाजले. पावाच्या दुकानात पाववाला याशार एकटाच होता. तिला पाहताच तो मागे सरकला आणि भट्टीला टेकला.

"दोन पाव," ती म्हणाली.

त्याने पाव ठेवले, ते हातात नव्हे, फळीच्या पार टोकाला. ती पैसे काढू लागली.

"नको बाई," तो हळूच म्हणाला. "तुमच्याकडून कसं घेऊ? जिथं आहात तिथं सुखात राहा."

"मी इथंच आहे."

"तेच तर," याशार म्हणाला आणि डोळे मिटून पुटपुटू लागला.

रस्त्यात फुलवालीने तिला पाहून टोपली उचलली आणि धुक्यात नाहीशी झाली. रोज तिच्यावर भुंकणारा चांभाराचा कुत्रा आज उठून बाजूला झाला आणि खाली मान घालून बसला. नदीवर कुठल्याशा बोटीचा भोंगा वाजला. तो थांबल्यावर इतकी शांतता पसरली की तिला स्वतःची पावले ऐकू येईनात. फाटकावर काळी फीत बांधलेली होती. स्विलेनसाठी फीत कोणी बांधली? ती पत्रकाला नाक लावून पाहू लागली. आधी लोकरी कॉलर दिसली. मग स्वतःचे डोळे.

आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, गठ्ठा चुकला. पण आपली चूक झाली असेल, ही शंका त्या घराण्यात कोणाला कधी आली नव्हती. त्यापेक्षा आपण मेलो आहोत हेच बोगोमिलाला अधिक पटण्यासारखे वाटले. तिने तोंडासमोर हात धरून श्वास सोडला. वाफ दिसली की धुके, काही कळेना. हातमोज्यावरून नाडी पाहिली. लागली नाही.

ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली. बैठकीचे दार अर्धवट उघडे होते. मेणबत्ती पेटली होती आणि मयताच्या घरी टाकतात तशी आरशावर चादर टाकलेली होती. ओग्न्यान इस्पितळाच्या शवागाराशी फोनवर बोलत होता.

"नाही म्हणजे कसं नाही? काल संध्याकाळी तुमचीच गाडी आमच्या रस्त्यावरून गेली, तिलाच नेलं असणार. नीट शोधा. ठेंगणी आहे, आवाज मोठा… आता आवाज नसेल म्हणा."

"तारीखसुद्धा घातली नाही ना रे पत्रकात," वरच्या मजल्यावरची तुर्की शेजारीण साब्रिये म्हणाली. "इतकी काय घाई?"

"मी नाही लावली, मावशी. आत्यानंच कोणाला तरी सांगून ठेवलं असणार. तिचा माझ्यावर विश्वास कुठं होता?"

मग कोणीतरी पत्रक वाचू लागले. आवाज सिरानुशचा होता. "जाताना तिने कोणाचे काही…" ती तिथेच थांबली.

"आणि तुझं तपेलं गं?" साब्रियेने विचारले.

"गप्प बस. गेलेल्या माणसामागं भांडी मोजू नयेत." कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. "आई शेवटपर्यंत त्या स्वयंपाकघराकडं बघत होती, साब्रिये. हिनं एकदा जरी म्हटलं असतं ना, की हे तुझं आहे, तर मी म्हटलं असतं, ठेव तूच."

बोगोमिला चुलीपाशी उभी होती. चाळीस पत्रके गावभर लागली होती आणि त्यातली शेवटची ओळ खोटी होती. वडिलांना ती आज भेटणार असेल तर ते पहिला प्रश्न कोणता विचारतील हे तिला ठाऊक होते. तिने गव्हाने अर्धे भरलेले तपेले दोन्ही कड्यांनी धरले. एरवी ते उचलायला दोघे लागत. आज ते एकटीने उचलले गेले, आणि मरणाची हीच एक खूण तिला पुरेशी वाटली.

अंगणात धुके होते. समोरचे घर नव्हते, मागचेही नव्हते. पायाखाली वीतभर फरशी तेवढी दिसत होती. वडिलांनी "उद्या" म्हटले होते. तो उद्या हाच असावा. पंचवीस पावलांनी सिरानुशचे दार तिच्या खांद्याला लागले. तिने तपेले चुलीवर ठेवले. सरळ होताना कमरेत अशी कळ आली की ती धपकन स्टुलावर बसली आणि तिला उठता येईना.

थोड्याच वेळात सिरानुश कॉफीची किटली न्यायला आली आणि दारातच थबकली. ती ओरडली नाही. तिने छातीवर क्रूस काढला.

"कशाला आलीस गं बोगोमिला?"

"तपेलं द्यायला." बोगोमिलाचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "तुझं आहे."

सिरानुश भिंतीला धरून जवळ आली. तिने तपेले जरा कलते करून बुडाखाली हात घातला आणि बोटे फिरवली.

"वार्तुही," ती म्हणाली. "माझी पणजी. ही नक्षी नाही."

"माहीत आहे. मला नेहमीच माहीत होतं."

सिरानुशच्या डोळ्यांतून पाणी आले. तिने बोगोमिलाचा हात धरला, दाबला, मग हातमोजा ओढून काढला आणि पुन्हा दाबला.

"हात गरम आहे तुझा."

"कंबर धरली आहे," बोगोमिला म्हणाली. बोलता बोलता तिच्या मनात एक विचार हळूहळू उगवला. "मेलेल्यांची कंबर धरत नसावी."

"चष्मा कुठं आहे तुझा?"

"घरी."

सिरानुश खाली बसली. आधी हसण्याने तिचे खांदे हलले, मग तिने धरलेले बोगोमिलाचे स्टूल हलले, आणि बऱ्याच वेळाने तिला बोलता आले. बोगोमिलाने तोवर मान ताठ केली.

"तू आत्ताच म्हणालीस, मी कबूल केलं असतं तर 'ठेव तूच' म्हणाली असतीस. मी ऐकलंय."

"ते तू मेली होतीस तेव्हाचं," सिरानुश डोळे पुसत म्हणाली. तिने गव्हांचा वास घेतला, कल्हई न्याहाळली, तपेल्याच्या कडेवरून बोट एकदा पूर्ण फिरवून पाहिले. "झाकण कुठं आहे?"

बोगोमिला कंबर चोळू लागली.

"पणजोबांनी झाकणासकट दिलं होतं."

झाकण बैठकीच्या खिडकीत जिरेनियमच्या कुंडीखाली होते. साठ वर्षे होते. बोगोमिला भिंतीला धरून उठली, पंचवीस पावले मागे गेली, आणि पुढच्या दाराने, आपल्या घरात जसे शिरायचे तसे शिरली. साब्रियेच्या हातातून मेणबत्ती पडली. ओग्न्यानचा फोन कानाला तसाच राहिला, पलीकडून कोणी विचारत होते, "हॅलो, सापडल्या का बाई?"

"कुंडी धर," बोगोमिला भाच्याला म्हणाली.

त्याने ती धरली. तिने खालचे झाकण ओढले, खिशातल्या रुमालाने त्यावरची माती पुसली, आरशावरची चादर जाता जाता खेचून काढली आणि कोणाकडेही न पाहता बाहेर पडली.

सिरानुश तपेल्यापाशीच उभी होती. झाकण जरा तिरके बसले. बोगोमिलाने तळव्याने त्यावर एकदा दाबले, आणि ते बसले.