तारीखमास्तर

साळवे सरांना कुणी "अमके वारले" असं सांगितलं, तर चेहऱ्यावर दुःख आणण्याआधी ते विचारायचे, "कधीची बातमी?" सांगणारा गडबडायचा. एखादा चिडायचाही. सरांचा हिशेब सरळ होता. दोन दिवसांपूर्वीची बातमी असेल तर भेटायला जायचं, दोन वर्षांपूर्वीची असेल तर पत्र लिहायचं, आणि त्याहून जुनी असेल तर "मग आत्ता मला का सांगताय?" असं विचारायचं. तारीख नसलेली माहिती म्हणजे त्यांच्या लेखी नुसती आवई.

श्रीरामपूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात ते ग्रंथपाल होते. दवाखान्यात ग्रंथालय असतं हे दवाखान्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. एक्स-रेच्या खोलीमागं, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांशेजारी एक लांबट खोली होती. तिथं डॉक्टरांसाठी आणि नर्सबायांसाठी औषधोपचाराची पुस्तकं असत. परदेशातून बोटीनं येणारी दोन-तीन मासिकंही असत. ती तीन महिन्यांनी शिळी होऊन पोचायची. सर ती दोन्ही हातांनी घ्यायचे आणि म्हणायचे, "शिळी, पण आपल्याकडं अजून कुणी चाखलेली नाहीत."

वॉर्डबॉय त्यांना पाठीमागं 'तारीखमास्तर' म्हणत. चहाच्या डब्यावर, शाईच्या दौतीवर, साबणाच्या वडीच्या कागदावरसुद्धा सरांनी तारीख घातलेली असायची. भाजीवालीला भाव नंतर विचारायचे, आधी "कधी तोडली?" एकदा चर्चमध्ये पाळकसाहेब वचन वाचत असताना सरांनी हात वर करून हे भाषांतर कोणत्या सालचं, असं विचारलं म्हणतात. मी तिथं नव्हते, पण न विचारलं असतं तरच मला नवल वाटलं असतं. लग्नाचंही तसंच फिसकटलं. मुलीकडच्यांनी फोटो पुढं केला. सरांनी तो उलटा करून मागं साल शोधलं. मुलीच्या मामांनी फोटो काढून घेतला आणि चहा न देताच त्यांना वाटेला लावलं. त्यानंतर सर एका खोलीत एकटेच राहिले. बिचाऱ्या मुलीचं पुढं बरंच झालं असावं.

आता मी कोण, तेही सांगते. मी कुमुद, वय वर्षं वीस, हंगामी मदतनीस. इंग्रजीत पहिला वर्ग, आणि त्याचा माज इतका की नंबर नसताना मी चष्मा लावायचे. साध्या काचेचा. विद्वान दिसावं म्हणून. माझी नात तेव्हाचा माझा फोटो बघून म्हणते, "आजी, तू कुणाला तरी रागावायच्या तयारीत दिसतेस." खरंच आहे बाई. जगाला रागवायला कुणीतरी मला नेमलंय, अशी माझी तेव्हा समजूत होती.

त्या खोलीत एक हिरवं लोखंडी कपाट होतं. सर त्याला 'शवागार' म्हणत. एखादं औषधोपचाराचं पुस्तक कालबाह्य झालं, की सर पहिल्या पानावर लाल शाईनं 'मयत' असं लिहीत आणि खाली मृत्यूचं कारण नोंदवीत. 'कारण : पेनिसिलिन निघालं.' 'कारण : हे औषध आता वर्ज्य.' एकावर नुसतंच 'कारण : वृद्धापकाळ.' मग ते कपाटात ठेवायचं आणि कुलूप लावायचं. फेकता येत नसे. बरीच पुस्तकं देणगीत आलेली, वर दात्यांची नावं सोनेरी अक्षरांत. ती रद्दीत घालायची म्हटली की विश्वस्त मंडळाचा जीव वर-खाली व्हायचा.

एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं आणि सरांचं यावरून कायम वाजायचं.

"साळवे, माझं अख्खं शिक्षण तुम्ही त्या कपाटात कोंडलंत."

"तुम्हाला कोंडता येत नाही डॉक्टरसाहेब, म्हणून पुस्तकं कोंडली."

पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. "कुमुदबाई, आधी साल बघा, मग ओळ वाचा. कादंबरी जुनी असली तर माणूस कंटाळतो. आपल्याकडचं पुस्तक जुनं असलं तर माणूस मरतो." मी मान डोलावली. मनात म्हटलं, एकटं राहिलं की माणसाचं असं होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. घोडेगावच्या बाजारात चांगल्या बैलजोड्या कुणी फुकट न्यायला तयार नव्हतं. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, माती वाहत होती. तळ जिथं पडेल तिथं मिळेल ते पाणी प्यायचं. उन्हाळा लागला आणि पोरांना ढाळ-वांत्या सुरू झाल्या. सलाइनच्या बाटल्या आमच्याकडंच पुरत नव्हत्या, खेड्यापाड्यांत कुठून जाणार?

सरांच्या वाचनात कुठंतरी एक ओळ आली होती. साखर-मिठाचं पाणी तोंडावाटे पाजून अशी माणसं वाचवता येतात. किती मीठ, किती साखर, ते ज्या अंकात होतं तो अंक आमच्याकडं पोचलाच नव्हता. बोटीतच कुठं हरवला असेल. सर दोन दिवस बेचैन होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि पुण्याच्या मोठ्या ग्रंथालयात बसून तेवढा मजकूर उतरवून आणायला निघाले. जाताना किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

मी लगेच त्यांच्या खुर्चीत बसले. चष्मा लावून.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदाबाई आली. ही नर्सबाई घोडेगावच्या पुढं पाझर तलावाचं काम चाललं होतं तिथल्या तळावर होती. पन्नाशीची, पायांत टायरच्या चपला, अंगावर धूळ. बाकावर बसायला तयार नव्हती, शेजारच्या धुतलेल्या चादरी मळतील म्हणून.

"ताई, सर न्हाईत व्हय?"

"मी आहे ना. बोला."

"पोरं लई आजारी पडाया लागल्यात. सलाइन संपलं. मी आपली मीठ घालून लिंबाचं पानी पाजतीया घोट घोट. पर मुकादम म्हनतो, पोटात पानी गेलं की पुन्यांदा भायेर येतंय, तुमीच रोग वाढवताय. बरुबर हाय का चूक, तेवडं पुस्तकात बघून सांगा. मी तशीच परत जाते."

मुलांच्या आजारांवरचं चालू पुस्तक एक डॉक्टर घेऊन गेले होते. गोदाबाई दारात उभी. 'मला सापडलं नाही' असं म्हणायला माझी जीभ वळेना. मी शवागाराचं कुलूप उघडलं. वरच्या फळीवर एक जाडजूड, सोनेरी कडांचं पुस्तक होतं. उघडल्या उघडल्या पहिल्या पानावरची सरांची लाल अक्षरं दिसली. दिसली नाहीत असं मी आजही म्हणणार नाही. दिसली, आणि मी पान उलटलं. इतकं देखणं पुस्तक चुकीचं कसं असेल?

प्रकरण सापडलं. इंग्रजी ओळी मी ठसक्यात वाचल्या, मग मराठीत सांगितल्या. "पहिले चोवीस तास तोंडावाटे काहीही देऊ नये. पाणीसुद्धा नाही. आतड्यांना विश्रांती द्यावी."

गोदाबाईचा चेहरा उतरला. "म्हंजी मी उलटंच करत हुते."

"अंदाजानं काम करायचं नसतं, गोदाबाई," मी म्हटलं. वीस वर्षांच्या मुलीनं पन्नाशीच्या बाईला. वर दवाखान्याच्या छापील कागदावर सुवाच्य अक्षरात तो मजकूर लिहून दिला, खाली गोल शिक्का मारला. तिनं तो कागद ब्लाउजमध्ये जपून ठेवला आणि मला हात जोडले.

दोन दिवसांनी सर आले. अंगावर प्रवासाचा घाम, पण चेहरा उजळलेला. "सापडलं! तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी, मूठभर साखर, नाहीतर गूळ, आणि तीन बोटांची चिमूट मीठ. घोट घोट. उलटी झाली तर थोडं थांबायचं आणि परत द्यायचं. बस्स! एवढंच, कुमुदबाई!"

मला वाटलं, आपणही आपला पराक्रम सांगावा. "सर, तुम्ही नव्हता तरी काम अडलं नाही. गोदाबाई आली होती," आणि सगळं सांगितलं. सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला, कारण एकीकडं मला त्यांनी आत्ताच म्हटलेलं ऐकू येत होतं.

सर ओरडले नाहीत. "कधी?" एवढंच विचारलं.

"परवा दुपारी."

त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. "चला." नेवाशाची एसटी धरली, फाट्यावर दुसरी. वाटेत त्यांनी गूळ आणि मीठ घेतलं.

तळावर गोणपाटाच्या सावलीत आदल्या रात्री आजारी पडलेली तीन पोरं निजवलेली होती. डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. गोदाबाई शेजारी बसून त्यांच्यावरच्या माश्या हाकलत होती. पाणी देत नव्हती. कागदावर लिहिल्याप्रमाणं.

सरांनी तिला हळू आवाजात समजावलं, की तो मजकूर जुना होता, दवाखान्याची चूक झाली. 'दवाखान्याची' म्हणाले. गोदाबाईनं ऐकलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मी आदी त्येच करत हुते की वो, ताई." रागानं नाही. नुसतं सांगितल्यासारखं. आज इतकी वर्षं झाली, मला लोकांनी बरंच बोलून घेतलंय. सासूनं तर पोटभर. पण त्या वाक्यापुढं सगळं फिकं.

मग दुपारभर आम्ही तिघं चमच्यानं पाणी पाजत बसलो. सरांना लहान मूल धरता येत नव्हतं. पुस्तक धरावं तसं आडवं धरायचे. एक पोरगं त्यांच्या शर्टावर ओकलं, तर थोडं थांबून परत चमचा पुढं. चारच्या सुमाराला त्यातल्या एकानं लघवी केली, थेट सरांच्या मांडीवर. म्हणजे पाणी अंगात टिकलं होतं. सर ओल्या धोतरानं उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "झाली! चार वाजून दहा मिनिटं!" माती वाहणाऱ्या बायांना कळेना, या साहेबाला एवढा कसला आनंद झालाय. थोड्या वेळानं दुसऱ्यानंही केली. तिसरं सुधारेना, त्याला पाण्याच्या टँकरवर बसवून नगरच्या दवाखान्यात पाठवलं. त्याचं पुढं काय झालं, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

एवढ्यात एक बाई डोक्यावरची पाटी खाली ठेवून आमच्यापाशी आली. पंचविशीचीही नसेल. ती उभी राहून त्या पोरांकडं, चमच्याकडं, तांब्याकडं बघत राहिली. गोदाबाईनं मान खाली घातली. "हिचं काल गेलं," ती पुटपुटली.

"पानी मागत हुतं वो त्ये," बाई सरांना म्हणाली. "जीभ काढून मागत हुतं. मी न्हाई दिलं. नर्सबाई म्हनल्या, दवाखान्याचा कागद आलाय, शिक्का हाय त्याच्यावर. म्हनून न्हाई दिलं. आन आता तुमी ह्यांना पाजताय." तिनं पदर तोंडाशी धरला. "साहेब, मी दिलं असतं, तर जगलं असतं का?"

मी जमिनीत जायला जागा शोधत होते.

सरांच्या हातातला चमचा तसाच राहिला. हा माणूस भाजीवालीला सोडत नसे, पाळकांना सोडत नसे. त्यांनी तिच्याकडं सरळ बघितलं.

"नाही बाई," ते म्हणाले. "त्याचा आजार निराळा होता. पाणी दिलं असतं तरी उपयोग नव्हता. मी कालच पुण्याला मोठ्या पुस्तकात वाचून आलोय. त्यात तसं स्पष्ट लिहिलंय. तुमच्या हातून काही चुकलं नाही."

"लिवलंय?"

"लिवलंय."

"मग ठीक हाय," बाई म्हणाली. तिकडं मुकादम हजेरीसाठी हाका मारत होता. तिनं पाटी उचलली, चुंबळ नीट केली आणि बांधावर चढून गेली.

परतीच्या एसटीत सरांनी मला खिडकीची जागा दिली. फाटा यायच्या जरा आधी मी धीर करून विचारलं, "सर, तसं लिहिलंय?"

"नाही."

मी रडायला लागले. चष्मा काढून पदरात घेतला. सरांनी मला रडू दिलं. मग समोरच्या सीटच्या दांडीला धरून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिला उद्या परत माती वाहायचीय. तिच्याच्यानं हे उचललं गेलं नसतं. तुम्हाला खरं सांगतोय, कारण तुम्हाला उद्या परत कुणालातरी पुस्तक काढून द्यायचंय."

"मला काढून टाका, सर."

"आणि नव्या मुलीला हे सगळं पहिल्यापासून शिकवत बसू?"

श्रीरामपूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा त्यांच्या शर्टावर ते ओकारीचे डाग वाळून पांढुरके झाले होते. त्यांनी मला घराच्या कोपऱ्यापर्यंत पोचवलं आणि आपल्या खोलीकडं वळले. दहाएक पावलं गेल्यावर थांबले. मला वाटलं, काहीतरी सांगायला थांबले. पण ते पाठमोरेच उभे राहिले, भिंतीला एक हात टेकून, आणि बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. मी जवळ जायला हवं होतं. मी गेले नाही. आईला उशिराचं कारण काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत मी घरात शिरले.