दस्तगीर मिस्त्रींचं नाक

इरा आणि नील, आजोबांची गाडी मी अजून शाहूपुरीतल्या त्या जुन्या गॅरेजमध्येच का नेते, असं तुम्ही कितीदा विचारलंत आणि मी दर वेळी विषय बदलला. कारण सांगायचं तर दस्तगीर मिस्त्रींची एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती माझी नव्हती. परवा ते स्वतःच म्हणाले, "लिवा की बाई, आता काय लपवायचं?" म्हणून आज लिहिते.

दस्तगीर मिस्त्री गाडी आधी हुंगतात, बॉनेट नंतर उघडतात. गाडी आली की भोवतीच्या माणसांना दहा पावलं मागे सरकवतात. तांबडा रस्सा ओरपून आलेल्या गिऱ्हाइकाला तर थेट फाटकाबाहेर. "पावणं, तुमचा मसाला जरा लांब न्या, मग गाडीचं बघतो." स्वतः कामाच्या दिवशी कांदा-लसणाला शिवत नाहीत, आणि तेही कोल्हापुरात राहून. मग चूळ भरायची, डोळे मिटायचे आणि गाडीभोवती सावकाश एक फेरी मारायची.

निदानाची भाषा त्यांची स्वतःची. गळलेलं तेल सायलेन्सरवर पडलं तर 'फोडणी करपली'. पट्टा घासला तर 'चप्पल चुलीत पडली'. वायर तापली तर 'खेळणं वितळलं'. याचा एक तक्ता करून भिंतीवर लावा, असं मी एकदा सुचवलं. तक्ते शाळेत लावायचे, असं उत्तर मिळालं. त्यांच्या मुलीला, शबनमला, मी शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून मी 'बाई'. पण गॅरेजमध्ये विद्यार्थिनी मीच.

गेल्या दिवाळीनंतर आजोबांच्या गाडीत जळका वास यायला लागला. मिस्त्रींनी फेरी मारली आणि वायरिंग म्हणाले. अर्धा दिवस खपून ते दुरुस्त केलं. दुसऱ्याच दिवशी टाकाळ्याच्या चढाला पुन्हा वास. मग पट्टा म्हणाले, तोही बदलला. वास तसाच. इतक्या वर्षांत आपल्या गाडीबाबत हा माणूस एकदाही चुकला नव्हता, आता लागोपाठ दोनदा चुकला. तुमचे बाबा फोनवर म्हणाले, आई, विकून टाक. मीही डळमळले होते.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा दुपार होती, गॅरेजमध्ये आम्ही दोघंच. मिस्त्रींनी चूळ भरली, डोळे मिटले. त्यांच्या मागेच स्टोव्हवर चहा ठेवलेला होता. तो उतू गेला, आटला आणि इतका करपला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्री त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे राहून मन लावून इंजिन हुंगत होते.

"मिस्त्री," मी म्हटलं, "चहा करपला."

त्यांनी वळून स्टोव्ह बंद केला. मग स्टुलावर बसले आणि सांगितलं. वर्षापूर्वी मोठा ताप आला होता. तो गेला, जाताना वासही घेऊन गेला. परत येईल किंवा येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून ते नुसत्या अंदाजाने गाड्यांभोवती फिरत होते. घरीही कोणाला बोलले नव्हते.

"गिऱ्हाईक या नाकावर येतंय, बाई. नाक गेलं म्हटल्यावर कोण यील?"

लोक तुमच्या हातांसाठी येतात, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

"त्ये ऱ्हाऊ दे. शबनमची पोरगी सहा म्हैन्यांची झाली. तिच्या डोस्क्याला नाक लावून बसतो. काय बी येत न्हाय."

मला तुम्ही दोघं आठवलात. फोनवर तुम्ही मला दिसता, ऐकू येता, आणि तेवढ्यावरच थांबावं लागतं.

मग मी पदर खोचला आणि म्हटलं, मी हुंगते, तुम्ही विचारा. कापडासारखा की कागदासारखा? कागदासारखा, जुन्या वह्या जाळल्यासारखा. सपाटीला की चढाला? चढाला. ते माझ्या पायांकडे बघत राहिले.

"गाडी चालवताना डावा पाय कुठं असतोय, बाई?"

क्लचवरच, मी जरा अभिमानाने सांगितलं, ऐन वेळी शोधावा लागू नये म्हणून.

"शिलाई मशीन हाय व्हय त्ये?"

क्लच प्लेट जळली होती, आणि ती मी, शिस्तीने, रोज थोडी थोडी जाळली होती.

हल्ली मिस्त्री येईल त्याला सरळ सांगतात, माझं नाक गेलंय, तुमचं लावा. काही गिऱ्हाइकं गेली. जी राहिली ती आता स्वतःच डोळे मिटून आपापल्या गाडीभोवती फिरतात. गुळाचे एक जाडजूड व्यापारी बंपरपाशी ओणवे होऊन, वास फोडणीचा की चपलेचा, यावर मिस्त्रींशी हुज्जत घालत होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

परवा मिस्त्री शबनमला आणि तिच्या मुलीला घेऊन माझ्या घरी आले. मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसले.

"सांगा की, बाई. नीट सांगा."

मी तिला सावकाश हुंगलं आणि सांगत गेले. दूध, लोबानाची धुरी, टाळूवर उन्हात वाळलेल्या सुती कपड्यासारखं काहीतरी, आणि मानेच्या घडीत थोडा आंबूस घाम.

त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. "घाम कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

"व्हय," ते म्हणाले. "त्याच कुशीवर झोपती."

नाक अजून परत आलेलं नाही. गाडी चालते आहे, आणि गॅरेज रोज सकाळी नऊला उघडतं.